पोरगी रडली तर कॅन्सल

आमच्या घरात गुलमर्गचं खूळ शिरलं ते दिवाळीत. सोमेशच्या मित्रांचा ग्रुप आहे, चार जोडपी. फेब्रुवारीत काश्मीरला जायचं, बर्फावर स्कीइंग करायचं, असं ठरलं. बाकी तिघांची पोरं शाळेत जाणारी, दांडगी. आमचा राजवीर चार वर्षांचा आणि शांभवी सव्वा वर्षाची. मी म्हटलं, जाऊ की! मला पण बर्फ बघायचाय. मी आणि शांभवी हॉटेलात हीटरजवळ बसू, तू आणि राजवीर काय घसरायचं ते घसरा. इतकं साधं होतं.

पण साधं पटलं तर तो माझा नवरा कसला! त्यानं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला. गोरापान बाप, पायात स्की, पाठीवर झोळीत बाळ, आणि डोंगरावरनं सुसाट खाली. झालं! आठ दिवसांत ती पाठीवरची झोळी कुरिअरनं घरात हजर. मला न विचारता.

"शांभवी माझ्या पाठीवर," म्हणाला. "फोटो कसला येतोय बघ."

"आणि तू पडलास तर?"

"मी पडतोय व्हय?"

आता या माणसानं उभ्या जन्मात बर्फ बघितलाय तो रंकाळ्यावर, गोळ्याच्या गाडीवर. शाहूपुरीत पंपांचं दुकान आहे त्याचं. दिवसभर खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवायचं, एवढाच व्यायाम. मी तसं बोलून दाखवलं, तर दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलला नाही.

मग रोज तेच सुरू झालं. मी नाचणीसत्त्व किती घ्यायचं, डायपर तिथं मिळतात का, पोरांना गरम पाणी कसं पाजायचं, हे विचारायची. तो गॉगलचे फोटो दाखवायचा. मी म्हणायची, शांभवीला पाठीवर न्यायचं नाही. तो म्हणायचा, तुला सगळ्याचीच भीती. एकदा तर म्हणाला, "तू आई हाईस का पोलीस हाईस?" असला संताप आला होता मला! हातातली कढई तशीच आपटली ओट्यावर.

अव्वा, म्हणजे माझी सासू, गडहिंग्लजची. तिला सगळे अव्वाच म्हणतात. बाई मायाळू आहे, पण लेक बोलला की तिला ते खरंच वाटतं. तिचं एकच, "सोमेश नेतोय म्हंजे बघूनच नेत असंल की."

जानेवारीत एका रविवारी पृथ्वीराज जेवायला आला. सोमेशचा बालमित्र, त्याचा आइस्क्रीमचा होलसेल धंदा. मटण संपवून हात वाळवत बसले होते आणि विषय निघाला. मी पृथ्वीराजलाच म्हटलं, भावजी, तुम्ही तरी सांगा याला. सव्वा वर्षाची पोर, बर्फात, पाठीवर! पृथ्वीराज हसला आणि म्हणाला, "वहिनी, उगंच भांडताय. माझं कोल्ड स्टोरेज हाय की शिरोलीला. गुलमर्गपेक्षा गार. ट्रायल घ्या!"

सोमेशचे डोळे चमकले. पाटावर थाप मारून म्हणाला, "लागली पैज! अर्धा तास मी पोरीला पाठीवर घेऊन आत फिरतो. रडली तर गुलमर्गच कॅन्सल. न्हाय रडली तर तू गप गुमान यायचं, आणि तिथं एक शब्द बोलायचा न्हाय."

माझं डोकं आधीच तापलेलं. मनात म्हटलं, असल्या गारठ्यात कुठलं पोर रडणार नाही? एका मिनिटात भोकाड पसरेल आणि कायमची कटकट मिटेल. "लाव," म्हटलं. चार माणसांसमोर म्हटलं. आमच्याकडं पैज लागली की लागली. मग मागं सरलं की आयुष्यभर नाव ठेवतात.

पुढच्या रविवारी आम्ही शिरोलीला गेलो. अव्वा पण हट्टानं आली. तिनंच शांभवीला दोन-दोन लोकरी मोजे चढवले आणि वरनं ते नवे बूट कोंबले. बर्फाचा सूट घातल्यावर पोरीचं फक्त तोंड दिसत होतं. राजवीर आधीच उड्या मारत होता, त्याला वाटत होतं आत आइस्क्रीम खायला मिळणार.

पृथ्वीराजनं ते जाड दार ओढलं आणि पांढरी वाफ पायांवर आली. मी दाराची कडी बघत होते. "आतनं उघडतंय हो वहिनी," तो म्हणाला, "घाबरू नका." आत खोक्यांच्या भिंती आणि वर भलेमोठे पंखे घोंघावत होते. सोमेशनं झोळी पाठीवर चढवली, पट्टे आवळले. शांभवीनं माझ्याकडं बघितलं. हसली पण नाही, रडली पण नाही. मी तिची टोपी खाली ओढली, राजवीर बापाच्या मागनं आत पळाला आणि दार लागलं.

आम्ही पृथ्वीराजच्या ऑफिसात बसलो. भिंतीवर कॅमेऱ्याचा टीव्ही होता, त्यावर आतलं सगळं दिसत होतं, पण आवाज नव्हता. पृथ्वीराजनं चहा आणि खारी मागवली. एखाद्या कुस्तीच्या मैदानाला आल्यासारखा पाय पसरून बसला गडी.

राजवीर आत नुसता धावत होता. जरा वेळानं त्यानं हातमोजा काढला, खोक्यावरचा बर्फ खरवडला, आणि मग जे तोंड उघडलंय! आवाज नव्हता तरी कळत होतं. सोमेशनं त्याला दारातनं बाहेर ढकललं आणि स्वतः परत आत. मी पोराला मांडीवर घेतलं. गाल लालबुंद, नाक गळतंय, बोटं झटकत बोंबलतोय. पाच मिनिटांत खारी खायला लागला.

"राजवीर रडला," मी म्हटलं.

"राजवीरची पैज न्हवती वहिनी," पृथ्वीराज म्हणाला. "पोरीची हाय."

अव्वा टीव्हीकडं बघून हात जोडत होती. "बघ की, हूं का चूं न्हाय. किती गुणाची हाय माझी बंगारी, माझं सोनं! रडत न्हाय बघ."

मी पण बघत होते. सोमेश येरझाऱ्या घालत होता, कॅमेऱ्याखाली आला की अंगठा दाखवत होता. त्याच्या पाठीवर शांभवी. तिचे पाय नुसते लोंबत होते. ही पोर कडेवर असो, खुर्चीत असो, पाय एक मिनिट गप्प ठेवत नाही. जेवताना माझ्या पोटात लाथा बसतात. आणि आता पाय तो चालेल तसे हलत होते, तिचे म्हणून हलत नव्हते.

"ती पाय हलवत नाहीये," मी म्हटलं.

"झोपली असंल," पृथ्वीराज म्हणाला.

"एवढ्या पंख्याच्या आवाजात?"

"अगं, उबदार असंल आत," अव्वा म्हणाली. "म्हणून तर रडंना."

मला लसीचा दिवस आठवला. राजवीरनं दवाखाना डोक्यावर घेतला होता आणि ही मुठी आवळून, तोंड पांढरं करून, गप्प. नर्स पण म्हणाली होती, काय शहाणी मुलगी! शहाणी कसली, ही पोर दुखलं की गप्प होते. मला माहीत होतं. घरात फक्त मलाच माहीत होतं, कारण बाकीच्यांना गप्प पोर म्हणजे सुखाचं पोर.

मी सोमेशला फोन लावला. टीव्हीवर दिसलं, त्यानं हातमोजा दातानं ओढून फोन घेतला.

"बाहेर ये."

"का? रडती व्हय? मला तर ऐकू येत न्हाय."

"ती हलत नाहीये सोमेश. तिचं तोंड बघ."

"पाठीवर हाय ती, तोंड कसं बघू? आणि मला घाम आलाय हितं! थंडीबिंडी काय न्हाय. हरलीस म्हणून सांग की सरळ."

"बाहेर ये म्हणते ना!"

"थोडंच राहिलंय. गप बस." आणि फोन ठेवला. टीव्हीवर परत अंगठा दाखवला.

पृथ्वीराजनं मनगट वर करून घड्याळ दाखवलं. "वहिनी, आता उठलासा तर पैज हरलासा बघा. सगळ्या ग्रुपला सांगणार मी."

"सांगा!" मी ओरडले. "ग्रुपला सांगा, गावाला सांगा, पेपरात द्या! मी हरले. दार उघडा आधी!"

तो उठला पण रमतगमत. मी धावत सुटले. ते दार माझ्यानं ओढवेना. दोन्ही हातांनी लोंबकळले तेव्हा कुठं सुटलं. आत पाऊल टाकल्यावर त्या गारठ्यानं दातच वाजायला लागले. सोमेश वळला, हसत होता. "हरलीस!" म्हणाला.

मी त्याला धरून गर्रकन पाठमोरा केला. शांभवीचे डोळे उघडे होते. माझ्याकडं होते आणि मला बघत नव्हते. ओठ निळसर, गाल मेणासारखे. मी "शांभू, शांभू" म्हणाले, गालाला हात लावला, तर गाल गार दगड. तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"पट्टे सोड!" मी किंचाळले. "सोड पट्टे!"

तेव्हा कुठं त्याचं हसू गेलं. त्याला ते पट्टे सुटेनात. मी झोळी खालनं उचलून धरली आणि ओढूनच काढली पोरीला. मांड्यांना पट्टे इतके करकचून बसले होते की सूटवर खोल खाचा पडल्या होत्या. ऑफिसात आणून बूट काढायला गेले, तर निघेनात. मोज्यांवर मोजे, त्यावर घट्ट बूट, आत पाय पांढरेफटक. मी माझ्या स्वेटरची बटणं सोडली आणि तिला कपडे काढून तशीच पोटाशी धरली. वरनं अव्वाची शाल, पृथ्वीराजचं जर्किन, जे हाताला लागेल ते. अव्वा पाय चोळायला धावली. मी म्हटलं, चोळू नका, नुसते हातात धरा. तिनं धरले, आणि धरल्या धरल्या रडायला लागली. "यव्वा! मी गुणाची म्हणत बसले गं!"

पृथ्वीराज गाडी काढायला पळाला. मी फक्त पोटाला तिचा श्वास लागतोय का बघत होते. लागत होता, हलका. मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय कबूल केलं, मलाच आठवत नाही. गाडी महामार्गावर येईस्तोवर तिनं एकदा माझ्या कातड्याला बोटं रुतवली. मग अंग थडथडायला लागलं, आणि मग रडली. असली रडली, असली रडली, की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी पण तिच्याबरोबर रडत होते.

डॉक्टरांनी तपासलं, ताप बघितला, पायांची बोटं एकेक करून दाबली. दोन तास ठेवून घेतलं. अंगातली ऊब उतरली होती, म्हणाले, वेळेवर बाहेर काढलंत. आता ठीक आहे. मग चष्म्यावरनं सोमेशकडं बघितलं.

"तुम्ही चालत होता, तुम्हाला ऊब होती. ती बांधलेली होती. कळलं नाही तुम्हाला?"

"रडली न्हाय हो डॉक्टर," सोमेश म्हणाला. "एकदा पण रडली न्हाय."

"गारठलेलं बाळ रडत नाही," डॉक्टर म्हणाले. "रडायला पण अंगात ऊब लागते."

दवाखान्याबाहेर आम्ही गाडीत बसलो, मी मागं. पृथ्वीराज अव्वाला आणि राजवीरला त्याच्या गाडीतनं घेऊन पुढं गेला होता. शांभवी माझ्या मांडीवर दूध पीत होती, आणि पाय हलवत होती. सोमेशनं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. मोबाईल काढला, गुलमर्गच्या ग्रुपवर बोलून निरोप पाठवायला लागला. मी ऐकत होते.

"भावांनो, आमचं कॅन्सल बरं का. पोरगी लई रडायला लागली, म्हणून…"

"पाठवू नको ते," मी म्हटलं.

"आता काय झालं?"

"पोरगी रडली नाही. तेच तर झालं ना?"

"मग काय सांगू?"

"सांग, शिवानी नको म्हणाली."

"अगं, सगळे म्हणतील बायकोचं ऐकतोय."

मला असला संताप आला! इतके दिवस मी बोलत होते. साध्या मराठीत बोलत होते, ओरडून बोलत होते, हातापाया पडायची तेवढी राहिली होती. त्या सगळ्याला काही किंमत नव्हती. या माणसाला माझ्या बोलण्यापेक्षा सव्वा वर्षाच्या पोरीचं रडणं खरं वाटणार होतं, आणि ती रडू शकत नव्हती.

"तू ऐकलं असतंस," मी हळूच म्हटलं, पोर दचकू नये म्हणून, "तर आपण आज घरी असतो."

त्यानं आरशातनं मागं बघितलं. माझ्याकडं नाही, शांभवीच्या पायांकडं. मग आधीचा निरोप खोडला आणि फोन परत तोंडाजवळ धरला. दोनदा घसा खाकरला.

"आमचं कॅन्सल," तो म्हणाला. "शिवानी पहिल्यापासनं नको म्हणालती. मी ऐकलं न्हाय."