पाठ न केलेलं वाक्य

प्राचीन ग्रीकमध्ये मला पहिला वर्ग मिळाला, याच्याइतकी मोठी थाप आमच्या विद्यापीठात आजवर कुणी पचवली नसेल.

परीक्षेला दरवर्षी त्याच चाळीस उताऱ्यांमधले उतारे येतात. आत्मा, धैर्य, न्याय, सगळं मी पाठ केलं होतं, मूळही आणि भाषांतरही. पहिले दोन शब्द ओळखायचे, की पुढची गाडी सुटलीच. ग्रीक शिकवणाऱ्या आमच्या सरांना ते ठाऊक होतं. मला ते ‘पोपट’च म्हणायचे. भाषांतर चुकलं तर बोलायचे नाहीत, नुसती पेन्सिल टेबलावर दोनदा आपटायचे. म्हणजे, पुन्हा कर.

“पुस्तकाबाहेरचं वाक्य समोर आलं तर काय करशील गं?” त्यांनी एकदा विचारलं होतं.

“ती भाषा बोलणारी माणसं कधीच मेली, सर. माझ्याशी कोण येतंय बोलायला?”

सर खो खो हसले होते. जीभ झडायला हवी होती माझी.

मंगळवारी सरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. शुद्धीवर आले ते ग्रीक बोलतच. आपली भाषा पार पुसली गेली होती. गुरुवारी दुपारी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला दवाखान्यात बोलावून घेतलं. ऑपरेशनच्या कागदावर पाच वाजेपर्यंत सही हवी होती. केलं तर वाचतील, पण उरलंसुरलं बोलणंही जाईल, असं डॉक्टर म्हणत होते. नाही केलं तर भरवसा नाही.

“दोन दिवस एकच वाक्य म्हणताहेत,” काकू म्हणाल्या. “ऑपरेशन करू का विचारलं, तर बोटं दोनदा आपटली. नको का विचारलं, तरी दोनदाच. आता तूच सांग बाई. माझा पोपट फार हुशार आहे, म्हणायचे नेहमी.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य म्हटलं. वर्गात सांगायचे तसंच, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

पहिला शब्द ‘नको’ एवढा कळला. पुढचं क्रियापद माझ्या चाळीस उताऱ्यांत कुठेच नव्हतं. मोबाइलवर कोश उघडला, पण त्या भाषेत क्रियापद इतकी रूपं बदलतं, की मूळ ओळखता आलं नाही तर कोश काय कपाळ कामाचा! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विभागात शिकवणारे सर एकटेच. दुसऱ्या विद्यापीठातल्या बाईंना तीनदा फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला.

नको. पण काय नको? ऑपरेशन नको, की घाबरू नको? पावणेपाच झाले होते.

काकूंचा चेहरा मला बघवेना. मी बोलून गेले, “सर म्हणताहेत, घाबरू नकोस. सही कर.”

पलंगाच्या दांडीवर सरांची बोटं आपटली. टक, टक.

“घरीही असंच करायचे,” काकू हळूच म्हणाल्या. “मी काही चुकीचं बोलले की. तुला येत नाहीये ना, बाळा?”

मला रडू फुटलं. “नाही हो काकू. मला काहीच येत नाही. मी नुसतं पाठ केलं होतं सगळं.”

दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, चष्मा पुसला आणि सही केली. नर्स कागद घेऊन गेली.

सरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि थांबले. वर्गात माझ्या उत्तरासाठी थांबायचे ना, तसे.

“अगं, बोल की त्यांच्याशी काहीतरी,” काकू म्हणाल्या. “त्यांच्या भाषेत.”

मग मी धैर्याचा उतारा म्हणायला लागले. घडाघडा म्हटला, एक अक्षरही चुकलं नाही. सरांची बोटं दांडीवर आपटतच राहिली.