खिट्टी उभी आहे ना?

मी खिट्टी बोलतेय. पण माझं ऐकायचं तर आधी जरा खाली वाका. ओट्याखाली तीन खण आहेत ना, त्यातल्या मधल्या खणाच्या वरच्या पट्टीवर, एका स्क्रूवर मी बसले आहे. खण अडवायला लावलेली, बोटभर लांब, सागवानी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक. वरच्या आणि खालच्या खणाला माझ्या दोन धाकट्या बहिणी आहेत. त्या पॉलिश केलेल्या आहेत, मी नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

हे स्वयंपाकघर चाकांवरचं आहे. जीपच्या मागे जोडून न्यायचं. कल्पेश त्याला कॅरॅव्हॅन म्हणतो, त्याची आई बायजा त्याला डबा म्हणते.

माझा जन्म मात्र घणसोली गावातला. बायजाच्या नवऱ्याची, जानूबाबाची, जुनी होडी मोडली, तेव्हा तिच्या फळीच्या तुकड्यातून त्याने मला तासलं आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या चौकटीवर, दाराच्या बाजूला, बसवलं. दोन्ही टोकं सारखी करायचा त्याला कंटाळा आला, असं बायजा अजून म्हणते. रोज संध्याकाळी कोंबड्या आत घेतल्या की ती मला फिरवायची आणि घराकडे तोंड करून ओरडायची, "आडवी केली!" मी आडवी म्हणजे दार बंद, उभी म्हणजे उघडं. वीस वर्षं मला एवढंच ठाऊक होतं. या वीस वर्षांत मुंगसाला एकही कोंबडी मिळाली नाही, हे मी छाती फुगवून सांगते.

मग जुनं घर पाडून चार मजले उभे राहिले. कोंबड्या गेल्या, खुराडं गेलं, भाडेकरू आले. मी जानूबाबाच्या हत्यारांच्या पेटीत गंजक्या खिळ्यांबरोबर सहा वर्षं पडून होते. रडले नाही, पण कंटाळले फार.

कल्पेशने जवळच्या पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये हा डबा बांधून घेतला आणि माझं नशीब फिरलं. आतलं स्वयंपाकघर त्याच्या बायकोने, भाविकाने, मांडलं. पोरगी हुशार. कपाटात रबरी जाळी अंथरली, ताटांच्या मधे जुन्या टी-शर्टचे तुकडे घातले, कप हुकांना अडकवले, सिलिंडर पट्ट्याने आवळला. खणांना तेवढे पांढरे प्लास्टिकचे लॉक लावले. पावण्याहून घणसोलीला येईपर्यंत चार गतिरोधक लागले. दार उघडून बघतात तर तिन्ही खण बाहेर, आणि जमिनीवर पोहे, मोहरी आणि कपड्यांची पावडर एक झालेली.

"टेन्शन नको," भाविका म्हणाली, "भेळ समजा."

जानूबाबा उठला. घरात गेला, पेटी उपसली आणि मला बाहेर काढलं. माझ्यावर फुंकर मारली तेव्हा मला खरंच भरून आलं. त्याने बाकी दोन खणांसाठी नव्या खिट्ट्या तासल्या आणि मला मधल्या खणाच्या वर बसवलं, जाड टोक खाली ठेवून. म्हणाला, "जड बाजू खाली लोंबल, मंग कितीपन आदळूदे."

इथेच सगळं उलटं झालं. खणाच्या वर बसल्यावर मी उभी राहिले की माझं टोक खणाच्या तोंडावर येतं, म्हणजे खण बंद. आडवी झाले की खण मोकळा, आणि स्क्रू घट्ट असल्यामुळे कुणी मला आडवं केलं तर मी तशीच राहते. जानूबाबाने हे सगळ्यांना सांगितलं. बायजानेही मान हलवली, पण तिचं लक्ष खापरीकडे होतं.

खापरी म्हणजे भाकरी भाजायचा मातीचा तवा. ही बायजाच्या आईची. बायजाची थोरली बहीण चांगुणा रेवदंड्याला असते. आई गेली तेव्हा खापरी बायजाने आणली, आणि तेव्हापासून चांगुणाच्या प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला होता : "आईची खापरी तू नेलीस." हसत म्हणायची, पण म्हणायचीच. आता तिचे गुडघे गेले, तिला येणं जमत नाही. बायजाने मनाशी ठरवलं, डब्याची पहिली फेरी रेवदंड्याला, आणि खापरी आक्काला देऊन टाकायची. देताना तिला जड जात होतं. माझ्या खणात ठेवताना तिने खापरी दोनदा पुसली.

निघताना कल्पेशने हाक मारली, "आई, खण बंद केलास?"

जानूबाबाने खण लावून मला उभं केलं होतं. बायजाने हात माझ्यावर ठेवला. तोच हात, तेच बोट, खुराड्यावरचं. सवयीने तिने मला फिरवलं आणि ओरडली, "आडवी केली!"

पुढे सगळे जीपमध्ये बसले. मागे डब्यात मी एकटी. किती ओरडले मी! पेणपर्यंत खण निम्मा बाहेर आला होता. त्यापुढच्या एका खड्ड्यात तो पूर्ण सुटला. तो आवाज मी विसरले नाही.

रेवदंड्याला दार उघडलं. बायजाने जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आडवीच होते. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मीच फिरवली. कोंबड्याच कोंडल्या मी."

चांगुणा काठी टेकत डब्याशी आली. खापरीचे दोन तुकडे बघितले, एक जरा मोठा, एक जरा लहान. मग म्हणाली, "चूल पेटव गो भाविका."

मोठ्या तुकड्यावर तिने भाकरी टाकली. भाकरी अर्धचंद्र झाली, पण फुगली. सगळ्यांनी चाखल्यावर तिने लहान तुकडा पुसून बायजाच्या ओटीत ठेवला. "आई जाऊन इतकी वर्षं झाली, वाटनी राहिलेली. आज झाली. ही तुजी हाय."

दोघी इतक्या हसल्या की चांगुणाची काठी पडली.

परतीच्या वाटेवर मला तिघांनी तपासलं. आता निघताना कल्पेश "खिट्टी?" असं विचारतो आणि बायजा हात लावून "उभी!" म्हणते. तिची चूक होते अजून, मग स्वतःच कपाळावर हात मारून मला सरळ करते. दर दोन महिन्यांनी तिची अर्धी खापरी फडक्यात गुंडाळून माझ्या मागे बसते, रेवदंड्याला जाते, तिथे दुसऱ्या अर्धीशेजारी चुलीवर तापते आणि परत घरी येते.

तर तुम्हीही कुठे निघालात आणि खणात कुणाचं काही जपून ठेवलेलं असेल, तर मला एकदा हात लावून बघा. बोलता मला येतंच, पण चालत्या डब्यात ऐकायला कोणी नसतं.