थंड इंजिनाची टिकटिक

“तुझे सासरे हल्ली शटर खाली ओढून काम करतात गं. एकदा बघ जरा,” गॅरेजशेजारच्या काचेच्या दुकानातल्या काकू मला म्हणाल्या होत्या. कडेवरच्या लेकीचं टोपडं सारखं करत मी म्हटलं, रस्त्यावरची धूळ येते ना, म्हणून असेल. काकू “असेल बाई” म्हणाल्या आणि काच पुसत राहिल्या.

मी तशी फार धास्तावलेली आई आहे. लेक झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. बाटल्या उकळून झाल्या तरी पुन्हा उकळते. शटरचं मात्र डोक्यातच आलं नाही.

बाबा, म्हणजे माझे सासरे, जुन्या गाड्यांचे मेकॅनिक. धूर कुठून फुटतोय ते हुडकण्यात त्यांचा हातखंडा. धुराचा नळ इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथलं पॅकिंग जळलं की बारीक टिकटिक येते. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं जोडावरून फिरवायचं. टिकटिक मोठी झाली की जागा सापडली. पण हे सगळं इंजिन थंड असताना. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज बंद. “तापलेली गाडी खोटं बोलते,” बाबा म्हणायचे. म्हणून गिऱ्हाइकाला आदल्या संध्याकाळीच गाडी ठेवून जायला लावायचे, आणि सकाळी ती चालू करताना कुणाला जवळ बोलू द्यायचे नाहीत.

घरी हाक मारली तर ते ओ देत नसत. आम्ही चेष्टा करायचो. सासूबाई म्हणायच्या, यांना ‘चहा’ एवढा शब्द बरोब्बर ऐकू येतो. बाबाही हसायचे. दुपारी डोकं धरून घरी यायचे. विचारलं तर ऊन लागलं म्हणायचे.

मग पाळणाघरातल्या मुलांची ने-आण करणारा व्हॅनवाला आला. मुलं गाडीत पेंगतात, एकाला तर उलटी झाली, म्हणत होता. दुसरीकडे दाखवलं तर गाडी धडधाकट आहे म्हणाले. बाबांनी एवढंच विचारलं, तापलेली नेली होतीस ना? आणि ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चष्मा घरीच विसरले. तो द्यायला मी लेकीला घेऊन गेले. शटर जवळजवळ जमिनीला टेकलेलं, आत इंजिन चालू. मी शटर वाजवलं, हाका मारल्या, आणि तेव्हाही आधी मनात आलं, नेहमीसारखं ऐकू गेलं नसेल. मग खालच्या फटीतून पायाला ऊन वाफ लागली. लेकीला काकूंच्या हातात दिलं आणि शटर उचललं.

बाबा पुढच्या चाकाला टेकून बसले होते. नळी कानालाच. इंजिन तापून अगदी शहाण्यासारखं चालत होतं. मी श्वास रोखून आत शिरले, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, त्यांच्या काखांत हात घालून त्यांना फरफटत फुटपाथवर आणलं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. गाडीच्या धुरातला विषारी वायू अंगात गेला, रोजचं डोकं दुखणंही त्यामुळेच, डॉक्टर म्हणाले. ते शुद्धीवर आले. सासूबाई रडल्या, नवरा भिंतीला धरून उभा राहिला. मला काहीच वाटलं नाही. मी लेकीचे मोजे चढवले, काढले, पुन्हा चढवले. अजूनही बरेचदा तसंच असतं. कुणी बोलत असतं, आणि मी जणू भिंतीपलीकडून ऐकत असते.

“शटर उघडं असलं की रस्त्याच्या गोंगाटात ती टिकटिक कानात येत नाही माझ्या,” घरी आल्यावर बाबा मला म्हणाले. खोलीत आम्ही दोघंच होतो. “बरेच दिवस झाले. गिऱ्हाइकाला कसं सांगू? कानावर तर दुकान आहे.”

निदान आम्हाला तरी सांगायचंत, मी म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही हसत होतात, बरं चाललं होतं.

व्हॅन तशीच गॅरेजमध्ये उभी होती. हिंडू-फिरू लागल्यावर एका सकाळी बाबा मला बरोबर घेऊन गेले. शटर पार वरपर्यंत चढवलं, मागची खिडकी उघडली. व्हॅनवाला दारात उभा होता. बाबांनी गाडी चालू केली, नळी कानाला लावली, थोडा वेळ तसेच वाकून राहिले. मग नळीचं टोक सदऱ्याला पुसून माझ्यापुढे धरलं.

“तू ऐक, सूनबाई. मला आता ऐकू येत नाही,” ते म्हणाले. व्हॅनवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मी नळी जोडावरून सरकवत गेले. मागच्या टोकाच्या बोल्टाशी टिकटिक एकदम कानात शिरली, कुणी नखानं दार वाजवावं तशी. मी बोट दाखवलं. बाबांनी इंजिन बंद केलं आणि तिथे खडूनं फुली मारली. फुली वाकडी आली. त्यांनी ती अंगठ्यानं पुसली आणि पुन्हा सरळ काढली.

तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कुणी शटर ओढून काम करत असेल आणि आतून गाडीचा आवाज येत असेल, तर धूळ येत असेल म्हणून पुढे जाऊ नका. शटर वाजवा. आतून ओ आली नाही, तर उचला.