डोणीतलं पाणी

ते साल २०१८. बाळापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून अय्युबभाईंच्या बकऱ्यांचं आवार होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचे अब्बा होते. त्यांचा एकच नियम होता. जनावर बाजाराला जावो की कसायाकडे, दारातल्या दगडी डोणीत पाणी पिऊनच बाहेर पडायचं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून अय्युबभाईंची बायको कुलसुमबी डोणीत नळाचं गोड पाणी भरायची, घरात कमी पडलं तरी.

त्या वर्षी त्यांच्या मुलानं, मोईजनं, सगळे बकरे आखातात धाडायचं ठरवलं. ट्रकनं गुजरातच्या बंदरावर, तिथून जहाजानं, जिवंत. ट्रकवाला म्हणाला, पाणी पाजू नका, वाटेत घाण करतात, घसरून पडतात. मोईजनं डोणीवर पत्रा टाकला. बकरे सवयीनं आले आणि पत्र्याला तोंड लावून उभे राहिले.

मी म्हटलं, "भाऊ, तहानलेले धाडून राहिले काय?"

"तिकडं अरबाचं पाणी पितील, वयनी," अय्युबभाई हसले. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात, आवार रिकामं असूनही, एका दुपारी कुलसुमबीनं पत्रा सारून सवयीनंच डोण भरली. चहा उकळेपर्यंत पाणी अर्ध्यावर आलं होतं. डोणीला भेग नव्हती, आवाराचं दार लावलेलं होतं. आम्ही दोघी डोणीशी वाकलो. पाणी ओढल्याचा आवाज येत होता, पुष्कळ तोंडांचा, घाई नसलेला.

दिवेलागणीला मोईज घरी आला. दलालाचा फोन आला होता म्हणे. जहाज मधेच बंद पडलं, गोडं पाणी संपलं, मेलेले बकरे समुद्रात टाकून राहिले.

अय्युबभाई उठले. डोणीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग मलाही चाखायला लावलं. खारट होतं.

"विहिरीचं भरलं असन तू," ते बायकोला म्हणाले.

"नळाचंच हाय."

विहिरीचा खारेपणा माझ्या जिभेला पाठ आहे. हा तो नव्हता.

अय्युबभाई डोणीच्या काठावर बसले. "अब्बाले काय सांगू मी?" एवढंच बोलले.

त्यांनी पुन्हा जनावर पाळलं नाही. डोण मात्र रोज भरली. गेल्या वर्षी गेले. शेवटी तोंडात घातलेलं पाणी खारं म्हणून थुंकले. मोईजचं अकोल्यात मोबाईलचं दुकान आहे, आवारात तो पाय ठेवत नाही. कुलसुमबी तेल्हाऱ्याला लेकीकडे असते. जाताना तिनं आवाराची किल्ली माझ्या हातात दिली.

आता डोण मी भरते. भरली की लगेच घरात येते आणि रेडिओ लावते.