सहा ओळींचा पट्टा

लिअँडरने उशीचा अभ्रा डल्सीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा केला. लोकरीचे पाच गुंडे गडगडत बाहेर आले, निळे आणि पांढरे. त्यांच्यामागून गळ्यापासून छातीपर्यंत येऊन थांबलेला पट्ट्यांचा स्वेटर पडला. बाह्यांचे टाके जाळ्याच्या सुतळीत ओवून ठेवलेले होते.

"फ्रोनीने घेतला होता विणायला, माझ्यासाठी," तो म्हणाला. "तिच्याने एवढाच झाला. पुरा करशील?"

"मी? अरे, वर बसून ती माझा एकेक टाका मोजेल."

"मोजू दे. तिला तरी तिथं दुसरं काय काम आहे?"

पुढच्या महिन्यात त्याच्या बायकोला, फ्रोनीला, जाऊन वर्ष होत होतं. चर्चमध्ये तिच्या नावाने प्रार्थना होती, आणि त्या दिवशी त्याला हाच स्वेटर घालायचा होता.

दोघी बायकांचं कुंपण एक, नवऱ्यांच्या होड्या एकाच धक्क्याला. पण विणकामाचा विषय निघाला की विळ्याभोपळ्याचं सख्य. तीस वर्षं चर्चच्या उन्हाळी मेळाव्यात पहिलं बक्षीस या दोघींतच फिरलं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा फ्रोनीकडेच गेलं. फ्रोनी डल्सीचं विणकाम हातात घ्यायची, उलटं करून आतली बाजू बघायची, आणि "लोकर छान आहे हो" एवढंच म्हणून परत द्यायची. डल्सीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता वर्षभर कुणी काही उलटं करून बघितलं नव्हतं, आणि डल्सीला विणायचाच कंटाळा आला होता.

लिअँडर गेल्यावर तिने स्वेटर उजेडात धरला. चार ओळी निळ्या, चार पांढऱ्या, घट्ट आणि एकसारख्या. सवयीने ती नखाने मोजत खाली आली आणि खांद्याजवळच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्ट्यावर थबकली. चष्मा लावून पुन्हा मोजलं. सहा.

तीस वर्षं ती फ्रोनीची एक चूक शोधत होती. सापडली, आणि जरासुद्धा आनंद झाला नाही. तिला आठवला तो शेवटचा हिवाळा, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारी फ्रोनी. डल्सीने स्वेटर मांडीवर घेतला आणि थोडी रडली.

वरून खाली विणलेल्या स्वेटरमध्ये जे शेवटी विणलं तेच आधी उसवतं. त्या पट्ट्यापर्यंत पोचायचं तर फ्रोनीच्या शेवटच्या आठवड्यांचं सगळं विणकाम काढावं लागणार. न काढावं, तर मेळाव्यात परीक्षक असणाऱ्या बाया चर्चमध्ये लिअँडरच्या मागच्याच बाकावर बसतात. तासभर त्याची पाठ त्यांच्यासमोर असणार, आणि त्या मोजल्याशिवाय राहायच्या नाहीत.

दोन दिवस तिने सुयांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा एक नंबर बारीक सुया काढल्या, कारण तिचा हात सैल होता आणि फ्रोनीचा घट्ट. बोटं ठणकली तरी ती धागा ओढून धरत विणत राहिली. फ्रोनीचे पाच पांढरे पट्टे झाले होते. सहावा डल्सीच्या वाट्याला आला, तो तिने सहा ओळींचा घातला. पुढचे दोन चार-चार ओळींचे, आणि मग पुन्हा सहाचा.

दर शनिवारी लिअँडर माप द्यायला यायचा.

"हात वर कर."

"शरण आलोय का मी?"

"गप्प उभा राहा. सुई टोचेल."

"फ्रोनीही हेच म्हणायची."

"शहाणी होती ती."

प्रार्थना झाल्यावर परीक्षक बायांतल्या सगळ्यात खडूस, मिसेस पिन्सेंट, चर्चच्या दारातच लिअँडरला आडव्या आल्या. त्यांचं बोट त्याच्या पाठीवरून खाली उतरलं.

"चार, चार, सहा. चार, चार, सहा. फ्रोनीची नवी वीण वाटतं? जाता जाताही पुढेच राहिली बाई!"

"हो ना," डल्सी म्हणाली. "मी आपली फक्त खाली नेली."

घराकडे उतरताना खाडीवर धुकं होतं. लिअँडर डल्सीच्या बरोबरीने चालू लागला.

"डल्सी, तो वरचा पट्टा चुकलाय हे तिला कळलं होतं. उसवायला हातात जोर उरला नव्हता. मला बजावून ठेवलं होतं, स्वेटर कुणालाही दे, पण डल्सीच्या नजरेला पडू देऊ नकोस."

डल्सी थांबली. "मग माझ्याकडेच का आणलास, मेल्या?"

"दुसऱ्या कुणाचं विणकाम तिने कधी उलटं करून बघितलंच नाही."

डल्सीने त्याच्या स्वेटरचा काठ वर दुमडला, आतली बाजू अंगठ्याने चाचपली आणि काठ पुन्हा सरळ केला.

"कसली चूक? वीणच तशी आहे," ती म्हणाली. "आज तिच्या थडग्यावर जाशील ना, तेव्हा सांग तिला. डल्सीने नीट उलटा करून बघितला. लोकर छान आहे म्हणाली."