खरखर माझी नव्हती

मित्रांनो, हातात धरून बोलायचा वायरलेस सेट तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, कुणी नसेलही. मी त्यातलाच एक, बारा वर्षांचा. माझं बोलायचं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालंय आणि अंगावरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत.

कारखान्यातून निघालो तो थेट जयसिंगपूरला, सिद्धराम अप्पांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आलो. अप्पांना वायरलेसचा छंद. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी परवाना काढलेला. रोज संध्याकाळी ते माझ्यावरून मिरजेच्या, निपाणीच्या दोस्तांशी गप्पा मारत. "आवाज कसा खणखणीत येतोय बघा!" असं कुणी म्हटलं की माझी छाती फुगायची. पुढं अप्पांचे कान मंदावले. मग त्यांनी मला मुलीच्या, शांभवीच्या हाती सोपवलं. तिनंही तीच परीक्षा दिली होती.

शांभवी दूध संस्थेची औषधं घेऊन मोटरसायकलवरून गोठ्यागोठ्यात फिरते. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा फुगल्या आणि फोनची रेंज गेली की कुरुंदवाडच्या पूर-पथकात ती हजर असते. मी हँडलवर आणि माझी लांब अँटेना मागच्या कॅरिअरवर, अशी आमची स्वारी निघते.

यंदा तिनं गाडीला दोन एलईडी फोकस बसवून घेतले. त्यात तिचं काही चुकलं नाही. उसाच्या ट्रॉल्या, पावसाची झड, पाण्याखाली गेलेले खड्डे, यांत उजेड हवाच की. फोकस लागले, रस्ता दुधासारखा पांढरा दिसायला लागला आणि माझ्या कानात खरखर शिरली. गरम तव्यावर पाणी शिंपडावं तशी चर्रर्र, थांबायचं नावच नाही.

मग श्रावणात पाणी चढलं. नदीकाठच्या वस्तीवरच्या धोंडुबाईंना साखरेच्या आजाराचं इंजेक्शन पोचवायचं काम शांभवीकडं आलं. माणसं शाळेत हलवली आहेत असं तिला सांगितलं होतं. वाटेत पथकाचे प्रमुख हंबीरराव माझ्यावरून ओरडून सांगत होते, "शाळेत न्हाय, वरच्या मठात नेल्यात!" हे नंतर कळलं; तेव्हा खरखरीत मला त्यातलं काहीच ऐकू येईना. शाळेला कुलूप. ती शोधत फिरली आणि धोंडुबाई मठात अडीच तास तहानेनं व्याकूळ होऊन ग्लानीत पडल्या. त्या वाचल्या, पण शांभवीचा चेहरा मला बघवेना.

हंबीरराव फौजेतून आलेले, तोंडानं फटकळ. "तुझा सेट भंगारात घाल. म्हातारा झालाय त्यो. पथकातल्या ऋतुराजला नवा देतो, त्यो फिरंल. तू घरी ऱ्हा."

"सेट चांगला हाय," शांभवी म्हणाली. "मला चार दिस द्या. खरखर कुठनं येती ते मी शोधून काढतो." (आमच्याकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, मित्रांनो.)

"आगं, बोलताना फोकस बंद करायचा. हाय काय त्यात!"

"आन् निरोप काय सांगून येतोय व्हय? उजेड बी पायजे आन् आवाज बी पायजे."

चार दिवसांची मुदत घेऊन तिनं गाडी अप्पांच्या दुकानासमोर लावली. अप्पा म्हणाले, "इंजिनाचा प्लग असंल." तिनं फोकस बंद ठेवून इंजिन चालू केलं. मी अगदी साफ. मग इंजिन बंद करून फोकस लावले, तर चर्रर्र! म्हणजे प्लग निर्दोष. मग तिनं माझी आखूड अँटेना लावून मला हातात घेतलं आणि गाडीपासून चालत लांब गेली. दहा पावलांवर मी निवळलो, जवळ आलो तसा पुन्हा कोकललो. "अप्पा, सेट चांगला हाय. फोकसच बोंबलतोय."

फोकसच्या पोटात एक बारकं सर्किट असतं. ते सेकंदाला लाखो वेळा वीज तोडतं आणि जोडतं. स्वस्तातल्या फोकसमध्ये त्या तोडजोडीचा गोंगाट अडवायला काहीच नसतं. मग तो वायरीत उतरतो आणि वायरच अँटेना होऊन तो चहूकडं फेकते. त्यात बसवणाऱ्यानं फोकसची वायर माझ्या अँटेनाच्या केबलला चिकटपट्टीनं गुंडाळून टाकलेली.

शांभवीनं ती पट्टी ओरबाडून काढली आणि दोन्ही वायरी गाडीच्या दोन बाजूंनी नेल्या. खरखर कमी झाली, पण गेली नाही. जुन्या मॉनिटरच्या वायरीवर गोंगाट अडवणारं काळं कडं असतं ना, तसली कडी अप्पांच्या अडगळीतून शोधून तिनं फोकसच्या अगदी तोंडाशी चढवली. अजून कमी झाली. उजवा फोकस गप्प झाला. डावा काही ऐकेना. दोन दिवस ती त्याच्याशी झगडली, बोटं भाजून घेतली. चौथ्या दिवशी तिनं तो पान्यानं काढला आणि बाजूला ठेवला. एका फोकसात रस्ता पुरेसा दिसत होता.

त्याच दुपारी पाणी पुन्हा चढलं. दुसऱ्या एका वस्तीवरची माणसं हलवायची होती. आभाळ इतकं भरून आलं, की फोकस लावूनच निघावं लागलं. आमच्या मागं तिथल्या बाळासोचा ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत बायकापोरं धरून तीस माणसं. ओढ्याचा पूल जवळ आला तोच माझ्यातून हंबीररावांचा आवाज खणखणीत निघाला. "शांभवी, थांब! पुलाफुडं रस्ता खचलाय. कुणाला सोडू नगंस!"

तिनं गाडी रस्त्यात आडवी घातली.

"बाजूला हो की! पोरं भिजाय लागल्यात!" बाळासो ओरडला.

"फुडं रस्ता न्हाय, बाळासो. उतर आन् बघ."

तो चिडून उतरला आणि फोकसच्या उजेडात पूल ओलांडून चालत गेला. पलीकडं रस्ता अर्धा तुटून पाण्यात गेला होता. आल्यावर तो ट्रॅक्टर मागं घ्यायला लागला. शांभवीनं माझं बटण दाबलं. "हंबीरराव, सगळी माणसं मागं वळवली."

 पलीकडून आवाज आला, "ऐकलं. अगदी साफ ऐकलं, पोरी. ऱ्हा पथकात."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र रुसेल, नाहीतर एखादं म्हातारं माणूस दोनदा विचारेल, "काय म्हणालास?" लगेच त्याला अडगळीत टाकू नका. शेजारी कोण गोंगाट करतंय ते आधी शोधा. त्याला चार दिवस लागले तरी चालतील.