सोडियमच्या जागी कोण?

मालनबाईंनी बटाट्याच्या फोडी उकळल्या, पाणी मोरीत ओतलं, नवं पाणी घालून पुन्हा उकळल्या आणि तेही ओतून दिलं. महिपतरावांच्या किडन्या कामातून गेल्यापासून कोपरच्या त्या घरात भाजी अशीच व्हायची. पाण्याबरोबर चव जायची, पण फोडींतलं पोटॅशियमही जायचं. इतकं करूनही परवाच्या रिपोर्टात ते चढलेलंच होतं. डायलिसिसच्या डॉक्टरीणबाई महिपतरावांना स्पष्टच म्हणाल्या, “काका, तोंडावर ताबा ठेवा. असंच वाढत राहिलं तर एक दिवस हृदयच दगा देईल.”

तेव्हापासून घरात चौकशी बसली होती.

“खरं सांगा, खाली कट्ट्यावर काय खाता?”

“अगं, कट्ट्यावर आम्ही फक्त लोकांच्या सुनांची निंदा करतो. तिच्यात पोटॅशियम असतं का?”

“स्टेशनजवळ तो नारळपाणीवाला बसतो.”

“बसतो. मी त्याला लांबूनच बघतो.” खाटेवर कूस बदलत ते पुटपुटले, “आणि घरची भाजी कडू लागते. तेही विचार डॉक्टरला.”

“या आजारात तोंडाला चव राहत नाही,” असं म्हणून मालनबाईंनी फोडणी केली. हे उत्तर त्यांनी इतक्या वेळा दिलं होतं, की आता त्यांचं त्यांनाच ऐकू यायचं नाही.

दमल्या होत्या त्या. वर्तकनगरच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलं, तेव्हाही अशा दमल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरची ऋजुता यंदा अकरावी सायन्सला गेली होती आणि संध्याकाळी त्यांच्याकडे शिकायला यायची. तिला आज सांगून टाकायचं, बाळ, एखादा क्लास बघ, असं त्यांनी ठरवलं होतं.

पण ऋजुता आली तीच तोंड पाडून.

“काकू, मी बायो सोडतेय. मला पेशी आवडतात, बेडूक पण चालतो. पण सुरुवातीलाच हे अणू, आयन, बंध! बायोमध्ये केमिस्ट्री कशाला घुसवतात यार?”

क्लासचं वाक्य ओठांवर आलेलं तसंच राहिलं. मालनबाईंनी डब्यातलं चिमूटभर मीठ बशीत काढलं आणि तिच्यासमोर बसल्या.

“हे बघ. सोडियमच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो त्याला जड झालेला असतो. क्लोरीनला नेमका एक कमी पडतो. सोडियम देतो, क्लोरीन घेतो. देणाऱ्यावर धनभार येतो, घेणाऱ्यावर ऋणभार. असा भार आलेला अणू म्हणजे आयन. विरुद्ध भार एकमेकांना धरून राहतात, तोच त्यांचा बंध. मीठ पाण्यात टाकलंस, की पाणी त्यांना सोडवतं. आता आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच ना? म्हणून रक्तात मिठाचे खडे नसतात, सुटे आयन हिंडत असतात.”

“आणि काकांचं ते पोटॅशियम?”

“सोडियमच्याच घराण्यातलं. तेही एकच इलेक्ट्रॉन देतं, भारही तोच. पण पेशी दोघांना बरोबर ओळखते. पोटॅशियम आत जास्त ठेवते, सोडियम बाहेर. या आतबाहेरच्या फरकावर आपल्या हृदयाचा ठोका चालतो. बाहेर, रक्तात, पोटॅशियम वाढलं की फरक घटतो आणि ठोका बिघडतो. एरवी जास्तीचं पोटॅशियम किडनी काढून टाकते. काकांची किडनी टाकत नाही. आता सांग, केमिस्ट्री कोणी घुसवली?”

ऋजुतानं बशी जवळ ओढली. “मग पोटॅशियमचं पण मीठ बनत असेल ना?”

“बनतं की. पोटॅशियम क्लोराइड. दिसायला असंच पांढरं. खारट लागतं, पण मागून कडवट.”

“आपल्या भाजीसारखं,” खाटेवरून आवाज आला.

मालनबाईंनी बशीतलं मीठ जिभेवर ठेवलं. मग उठल्या आणि फळीवरची मिठाची पिशवी घेऊन आल्या. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, म्हणून महिन्यापूर्वी त्यांनी स्वतःच हे ‘कमी सोडियमचं’ मीठ आणलं होतं. मागचा बारीक मजकूर वाचायचा कंटाळा केला होता.

“वाच गं. माझा चष्मा आत आहे.”

“सोडियम क्लोराइड,” ऋजुता वाचू लागली, “आणि... काकू, पोटॅशियम क्लोराइड.”

एक काढलं, तर त्याच्या जागी कोण आलं? हा प्रश्न विचारून विचारून त्यांनी वर्गात पोरांना भंडावलं होतं.

“अहो,” त्या खाटेकडे वळल्या, “सकाळी पाय उचलत नाहीत म्हणालात ना?”

“म्हणालो. तू म्हणालीस, कट्ट्यावर बसून बसून झालंय.”

रक्तात पोटॅशियम चढलं की स्नायूही ढिले पडतात. त्यांनी डायलिसिस सेंटरला फोन लावला. असाल तसे निघा, तिथले म्हणाले. ऋजुतानं रिक्षा आणली आणि काकांना एका बाजूनं धरलं. ईसीजी निघाला, सिस्टरांची धावपळ झाली, इंजेक्शन दिलं, मशीन लावलं. दार बंद झालं आणि मालनबाई बाकावर टेकल्या. पिशवी अजून त्यांच्या हातातच होती.

बऱ्याच वेळानं ऋजुतानं हळूच विचारलं, “काकू, मशीन पोटॅशियम बाहेर कसं काढतं?”

“तूच सांग. माझ्यात बोलायचं त्राण नाही.”

“मध्ये बारीक छिद्रांचा पडदा असेल. एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला पाणी. पोटॅशियम जिथे जास्त आहे तिथून कमी आहे तिकडे जाईल. म्हणजे त्या पाण्यात पोटॅशियम अजिबात नसणार.”

“थोडं असतं,” मालनबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. “सगळंच ओढून घेतलं, तरी ठोका बिघडेल.”

दार उघडलं. “काकू, ठोके ठीक आहेत आता,” सिस्टर म्हणाली. “काका विचारतायत, नारळपाणीवाल्यावरचा आळ काढलात का?”

मालनबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “काढला म्हणावं. आणि भाजीवरचा तुमचा आळ खरा निघाला.”

मग ऋजुताच्या हातात पिशवी देऊन त्या म्हणाल्या, “ही फेकून ये. आणि बायो सोडायचं नाही.”